घोडेआप्पा आणि सहा खाचा

वर्तमानपत्रात गोळीबाराच्या बातमीत ‘आरोपीने घोडा ओढला’ असं वाक्य आलं की घोडेआप्पांचा चहा थंड झालाच म्हणून समजा. लाल बॉलपेननं त्या शब्दाखाली रेघ मारून ते समोर असेल त्याला सुनवायचे, “घोडा चढावतस रे! दाबतस तो चाप. इतलं बी कळत नही का ह्या लोकेसले?” समोर बहुधा मीच असायचे. नंदुरबारात आमचं घर त्यांच्या शेजारी, आणि कोर्टात जाण्याआधी मी त्यांच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकायचे. या हट्टापायीच त्यांचं नाव घोडेआप्पा पडलं. परक्या माणसाला वाटायचं, हे सारंगखेड्याच्या बाजारात घोडे विकतात.

आप्पांनी उभा जन्म एका बंदुकांच्या दुकानात दुरुस्ती करण्यात काढला. पीक राखायच्या बंदुका तर यायच्याच, पण जुन्या घराण्यांतली विलायती रिव्हॉल्व्हरंही तेलपाण्याला यायची, आणि आप्पांचा जीव त्यांच्यात अडकलेला. घेऊन आलेला मालक हमखास सांगायचा की आमच्या आजोबांनी हे एका इंग्रजाकडून हिसकावलं. आप्पा नळीवरून नजर न काढता म्हणायचे, “तुम्हना आजाले इंग्रज दिसना तरी व्हता का?” आणि मग ते कुठल्या देशात घडलं, काडतूस कसलं लागायचं, मूठ मागाहून कुणी बदलली, हे सगळं सांगून मोकळे.

स्वतःचं म्हणून एकही रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे नव्हतं. परवाना कुठला मिळायला? पण संग्रह होता. आलेल्या प्रत्येक हत्यारावर ते पातळ कागद ठेवायचे, वरून शिसपेन आडवी घासायचे, की शिक्का, नंबर, नक्षी सगळं कागदावर उमटायचं. अशा ठशांच्या अकरा वह्या त्यांनी भरल्या होत्या. “वस्तू त्यासनी, वळख मन्ही,” असं म्हणत ते वही फडक्यात बांधून ठेवायचे. दुकान बंद पडल्यावरही त्या वह्यांना कुणाला हात लावू दिला नाही, सुनेलासुद्धा नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

धडगावच्या वरच्या अंगाला दित्या नावाचा एक शेतकरी. उतारावरच्या शेतात दगडांचा बांध नीट करताना त्याला गंजलेलं एक रिव्हॉल्व्हर सापडलं. त्यानं ते फडक्यात गुंडाळलं, जीपमध्ये बसून खाली आला आणि सरकारची वस्तू सरकारला द्यावी म्हणून आपल्या पायांनी एका चौकीत गेला. टेबलावर ठेवलं. झालं! पंचनाम्यात लिहिलं गेलं, ‘झडती घेतली असता कमरेस खोचलेला गावठी कट्टा मिळून आला.’ मिळून आला म्हणे! दिला होता त्यानं, दिला! आणि गावठी कशावरून? तर काडतुसांच्या फिरत्या चक्राच्या कडेला सहा खाचा होत्या, त्या म्हणे ‘कानशीने घरगुती पद्धतीने पाडलेल्या’. लिहिणाऱ्याला खाचा कळल्या नाहीत, म्हणून माणूस आत. बरं, दित्याला पावरी बोली येते, मराठी जेमतेम. वाचून दाखवलेल्या कागदावर त्यानं निमूटपणे अंगठा दिला.

वकीलपत्र माझ्याकडे आलं. मी मुद्देमालाचा फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी भिंग लावलं आणि मिनिटाच्या आत भिंग खाली ठेवलं. “वं माय, हाऊ कट्टा नही. हाई बेल्जमनं शे.” या जातीच्या काडतुसाला बाजूनं एक खिळा बाहेर आलेला असतो, घोडा त्या खिळ्यावर पडतो, आणि खिळा बाहेर राहावा म्हणूनच चक्राला खाचा असतात, हे त्यांनी मला समजावलं. असलं काडतूस त्यांच्या आजोबांच्या काळातच मिळेनासं झालेलं. मग चौथी वही काढून त्यांनी एक ठसा दाखवला. कडेला तशाच सहा खाचा, खाली बेल्जियमचा अंड्याच्या आकाराचा शिक्का. असल्या निकामी जुन्या वस्तूला कायद्यातच सूट आहे. मला वाटलं, आता दित्या आठवड्यात घरी जाईल.

जामिनाच्या सुनावणीला आप्पा धुतलेलं धोतर नेसून, वही काखोटीला मारून आले. मी त्यांना पुढं केलं तर समोरच्या वकिलांनी विचारलं, “शिक्षण?” आप्पा म्हणाले, “सातवी.” मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पांनी विनंती केली, रॉकेलचा एक थेंब लावू द्या, गंजाखाली शिक्का निघेल. मुद्देमालाला हात लावायचा नाही, असं उत्तर मिळालं. वही कुणी उघडलीसुद्धा नाही. तपासणीचा अहवाल येऊ द्या, एवढं सांगून अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर आप्पांनी वही परत काखोटीला मारली. “चाळीस वरीस मी काय गवत कापं का?” ते म्हणाले. माझ्या काळ्या कोटाची मलाच लाज वाटली.

अहवाल यायला सात महिने लागले. तोवर दित्याचा मका जनावरांनी खाल्ला, आणि ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या टोळीबरोबर त्याची बायको एकटीच गेली. अहवालात काय होतं? परदेशी बनावट, कालबाह्य, वापरास अयोग्य, आणि खाचा मूळ रचनेच्याच! आप्पांनी मिनिटात सांगितलेलं सात महिन्यांनी टाइप होऊन आलं, सहीशिक्क्यासह. दित्या सुटला. ‘मुद्देमाल नष्ट करण्यात यावा,’ असाही हुकूम झाला. चुकलं म्हणून एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

त्या दुपारी दित्या आप्पांच्या ओट्यावर आला. पाणी प्याला, आप्पांच्या पाया पडला, आणि इकडेतिकडे बघत बाजारात उचललेल्या आप्पांच्या बोलीत हळूच म्हणाला, “आप्पा, दुसरं बी शे तठे. त्यानंच जोडीनं. डबीमां. गंज नही.” आधी एक देऊन बघू म्हणून त्यानं ते तसंच बांधात ठेवलं होतं. “तुम्हले लई येऊ का?” आप्पांसाठी तो ते घेऊन यायला तयार होता.

जोडीचं! डबीतलं, गंज न लागलेलं! आप्पांचे डोळे असे लकाकले की मला वाटलं हे आत्ताच चपला घालतात. मग त्यांची नजर दित्याच्या मनगटांवर गेली. सात महिन्यांत ती काटकीसारखी झाली होती.

“नर्मदामां टाकी दे भाऊ,” ते म्हणाले. “माले दखाडाले बी आनू नको. कोनलेच दखाडू नको.”

मी वकील. कायद्यानं मी तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. पाहिजे तर माझ्यावर गुन्हा नोंदवा.

आठ दिवसांनी धडगावच्या जीपवाल्याकडून निरोप आला, “आप्पाले सांगी देजा, टाकी दिनं.” मी तो आप्पांना दिला. “बरं करं पोरानी,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.