मागाच्या खोलीतला स्टुडिओ

पवनीच्या आमच्या घरात रस्त्याच्या बाजूला बारा बाय बाराची एक खोली आहे. तिथे बाबांचा हातमाग होता. विणकामात काही उरलं नाही तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातांनी माग खोलला, लाकडं माळ्यावर टाकली आणि पाय सोडायचा खड्डा मुरूम भरून बुजवला. त्यानंतर ते त्या खोलीत फारसे जात नसत.

मी गावोगाव फिरणाऱ्या नाटकाच्या पार्ट्यांमध्ये ऑर्गन वाजवायचो. गोंदिया आमच्यापासून तुटून वेगळा जिल्हा झाला तरी पार्ट्या दोन्हीकडे पूर्वीसारख्याच फिरत, दिवाळीपासून होळीपर्यंत. पंचेचाळिशी उलटली आणि पाठीने साथ सोडली. घरी बसल्या बसल्या एक जुनी इच्छा वर आली. रोवण्याच्या वेळी, धानाची रोपं लावताना, बाया जी गाणी म्हणतात ती नीट रेकॉर्ड करावीत. मोबाइलवर कुणी केलेली असायची, पण त्यात वारा जास्त आणि गाणं कमी. मागाची खोली रिकामी होतीच.

सुरुवात चुकीची झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून मी आठवडाभर दुकानादुकानांतून अंड्यांचे ट्रे गोळा केले आणि चारही भिंतींना चिकटवले. मग माइक लावून ऑर्गन वाजवला आणि ऐकला. वरचे सूर मेल्यासारखे झाले होते आणि खालचे अजून घुमतच होते. विहिरीत तोंड घालून कुणी गावं तसं. नागपूरच्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे मी पूर्वी वाजवलं होतं. त्याला फोन केला.

त्याने आधी खोलीची मापं विचारली. मी सांगितली.

"चौरस हाय म्हनजे," तो म्हणाला. "चौरस खोलीत खालचे सूर कोपऱ्यात जाऊन बसतात, भाऊ. कागदाच्या ट्रेनं ते हलत नाईत. जाड काहीतरी पाहिजे, अन् आधी कोपरे भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे खरवडून काढत होतो. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काहून काढून राहिला?"

"घुमते बाबा. कोपऱ्यात आवाज जमा होते म्हने."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "माग होता तवा नाई घुमे," ते म्हणाले. "कोपऱ्यात सुताची पोती राहत. पोती गेली अन् खोली बोलाले लागली."

मी हातातली खरवडणी खाली ठेवली. नागपूरवाल्याने फोनवर अर्धा तास जे समजावलं होतं, ते बाबांना कधीचं माहीत होतं. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही दोघं बसलो आणि वहीत खोलीचा नकाशा काढला. चार कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत कापसाचे खांब. भिंतींवर लाकडी चौकटी, त्यांत जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून भरलेला. मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, म्हणजे खोली पुरती चौरस राहणार नाही. भिंतीवर चौकट नेमकी कुठे हवी ते आरशाने कळतं, असं नागपूरवाल्याने सांगितलं होतं. टेबलावर स्पीकर मांडून मी खुर्चीवर बसलो आणि बायको आरसा भिंतीला लावून हळूहळू सरकवत गेली. ज्या जागी आरशात मला स्पीकर दिसला, तिथे तिने खडूने फुली मारली. स्पीकरचा आवाज तिथेच आपटून कानाकडे परततो.

"तुमचं तोंड दिसून राहिलं मले, स्पीकर नाई," ती मध्येच म्हणाली, आणि बाबा हसले. त्या खोलीत ते कितीतरी दिवसांनी हसले असतील.

अडलं ते कापडावर. चौकटींवर ताणायला मी बाजारातून पडद्याचं कापड आणलं. बाबांनी ते तोंडाशी धरलं आणि फुंकर मारली.

"हवा जात नाई ह्याच्यातून. आवाज कसा जाईन?" त्यांनी कापड घडी घालून माझ्या हातात दिलं. "मी विनून देतो."

आमच्या गल्लीत तेव्हा एकच माग चालू होता, बाबांच्या जुन्या सोबत्याचा. बाबा तिथे जायला लागले. दोन दिवसांनी पहिला तुकडा आणला. सुंदर होता, पण घट्ट. फुंकर आरपार जाईना.

"हातच ऐकत नाई," बाबा म्हणाले. ते खरोखर खजील झाले होते. "जनमभर घट्ट विनलं. सैल विनलं असतं तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकलं असतं."

मी म्हटलं, राहू द्या, दुसरं काही बघू. ते पुन्हा मागावर गेले. या वेळी ताणा, म्हणजे उभे धागे, भरताना त्यांनी मागाच्या फणीचं एक घर सोडून एक भरलं, म्हणजे धागेच विरळ पडले आणि हाताला घट्ट करायला वाव राहिला नाही. चार दिवसांत पुरेसं कापड झालं. रोज संध्याकाळी पाय ओढत घरी यायचे आणि जेवण मात्र दोन भाकरी जास्तीचं.

खोली तयार झाली. राहिला तो शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज. कापूस आतलं घुमणं थांबवतो, बाहेरचा आवाज नाही, हे मला तेव्हा समजलं. गिरणीवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "बारा ते तीन मी बंदच ठेवतो. तेवढ्यात करून घ्या." रेकॉर्डिंगची वेळ अशी त्याने ठरवली.

पहिल्यांदा सानगडीच्या एक मावशी आल्या. सत्तरीच्या, रोवण्यात पुढे राहून गाण्याची ओळ टाकणाऱ्या. बाबा आणि बायको दाराशी बसले होते. मी पंखा बंद केला, दार लावलं, हेडफोन चढवला आणि मान हलवली. त्यांनी एक ओळ म्हटली आणि थांबल्या. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या.

"काय झालं मावशी?"

"आवाज जाते अन् वापसच येत नाई, बापू. कोनी तोंडावर हात ठेवल्यावानी वाटते."

मी खोली प्रमाणाबाहेर भरली होती. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडा तरी परत मिळावा लागतो, हे इतकी वर्षं ऑर्गनवर बसूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मेहनतीचं कापड काढा म्हणायला जीभ रेटेना. बाबा उठले, मावशींच्या समोरच्या भिंतीवरच्या दोन चौकटी त्यांनीच उतरवल्या आणि बाहेर नेऊन ओसरीवर ठेवल्या.

आवाज मोकळा झाला. तरी मावशी दुसऱ्या ओळीशी येऊन अडायच्याच. माझं लक्ष यंत्रावर, भिंतींवर, माइकच्या अंतरावर. मी माइक थोडा मागे घेत होतो, तेवढ्यात दाराशी बसलेल्या माझ्या बायकोने दुसरी ओळ हळूच म्हटली. ती मोहाडीकडची, शेतकऱ्याच्या घरची. लग्नाआधी दर वर्षी रोवण्यात उभी राहिलेली. इतक्या वर्षांत तिला गाताना मी ऐकलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुले येते?"

"थोडं थोडं येते."

"मंग दूर कायले बसली? ये इकडे."

रोवण्याचं गाणं एकटीने म्हणायचं नसतंच. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मावशींची ओळ उचलणारी जोडीदारीण दोन वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं नव्हतं. हे त्यांनी नंतर चहा पिताना सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

मी खोलीचा नकाशा बदलला. टेबल खिडकीकडे सरकवलं, माइक मध्ये घेतला आणि दोघींना समोरासमोर उभं केलं. त्या दुपारी पाच गाणी झाली. पाचव्या गाण्याच्या शेवटी गिरणी सुरू झाली. तिची घरघर त्यात आली आहे, आणि मी ती काढलेली नाही. मावशी पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना घेऊन आल्या. बायकोने त्यांच्यासाठी आधीच सतरंजी अंथरून ठेवली होती.