आवाज वरून की खालून

रेडिएटरला बारीक गळती लागली तर त्यात दोन चमचे हळद टाकायची. डिझेलची टाकी पाझरत असेल तर कपड्यांचा साबण कोरडाच त्या जागेवर घासायचा, गाडी घरापर्यंत आरामात जाते. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर आधी तो केसभर आवळायचा, मग सोडवायचा. बेअरिंग तापतंय का हे बघायला ते ज्या लोखंडी घरात बसतं त्यावर हात ठेवून पाच मोजायचे. पाचाच्या आत हात उचलावा लागला तर मशीन बंद. हे सगळं मला येतं. आर्णी रोडवरच्या आमच्या टिनाच्या दुकानात अख्खं लहानपण गेल्यावर येणार नाही तर काय! पण जे यायला हवं होतं ते आलं नाही, आणि तेच सांगायला बसले आहे.

माझे वडील ट्रॅक्टरचे मिस्त्री. त्यांचं खरं हत्यार एकच, हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनला लावायचं आणि लाकडी दांडा कानाला. इंजिनच्या पोटात काय चाललंय ते त्या लोखंडातून सरळ कानात येतं. आवाजांना त्यांची स्वतःची नावं होती. चमचा कपाला लागल्यासारखा आवाज आला तर वरचे वाल्व्ह ढिले. तेवढं झाकण उघडून नीट करायचं, तासाभराचं काम. भाकर थापल्यासारखा दबका आवाज आला तर खालचं बेअरिंग गेलं. मग इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही, कारण पुढची पाळी अख्खं इंजिन फुटण्याची. दोन्ही आवाज कधीकधी एकदमच येतात आणि चमच्याच्या आवाजाखाली भाकरीचा झाकून जातो. हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. हे मी विसरले नव्हते, म्हणून तर जास्त राग येतो.

इंजिनांशी चाळीस वर्षं कान घासल्यावर त्यांचे कान गेले. यवतमाळच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. ते घालून बाबा दुकानात आले, कोणाच्या तरी हातून हातोडा जमिनीवर पडला, तो आवाज यंत्रातून एवढा मोठा झाला की बाबा डोकं धरून खालीच बसले. तेव्हापासून ते यंत्र नट-वायसरच्या डब्यात पडून आहे. गिऱ्हाइकांना त्यांनी काही सांगितलं नाही. ट्रॅक्टरवाले तसेही ओरडूनच बोलतात, त्यामुळे कोणाला संशयही आला नाही. आणि बहिऱ्या मिस्त्रीकडे ट्रॅक्टर कोण आणेल? ते काम थांबलं असतं तर बाबा घरात बसून आठवड्यात वाळले असते, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून मी त्यांचे कान झाले. मी जवळच्याच शाळेत मास्तरीण. शाळा सुटली की दुकानात जायचं. मी नसताना कोणी आवाजाची तक्रार घेऊन आलं तर बाबा म्हणायचे, "इंजन थंड होऊ दे, संध्याकाळी पायतो." संध्याकाळी मी पेचकस कानाला लावायची आणि बाबा इंजिनच्या पलीकडून माझ्याकडे बघून हनुवटी वर करायचे, म्हणजे 'कुठून?' आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. पंजा वर म्हणजे आवाज वरून, पंजा खाली म्हणजे खालून, आणि मूठ म्हणजे कळलं नाही. लोकांना वाटायचं मी शिकतेय. "मास्तरीण बाई आता शायेत ट्रॅक्टर शिकवते का?" म्हणून चिडवायचेही.

आठ महिन्यांत मी एकदाही मूठ दाखवली नाही. शाळेत तिसरीच्या पोरांनी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायची सवय लागलेली. उत्तर येत नसलं तर ठासून द्यायची. आणि बाबांसमोर तर मूठ दाखवणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा बहिरं करणं, असं मला वाटायचं. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर निघालाही. तेच नडलं.

सोयाबीन निघायच्या दिवसांत दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. अख्ख्या तांड्याची मळणी त्याच्या एकट्याच्या ट्रॅक्टरवर व्हायची. शेतांत कापून ठेवलेले ढीग त्याची वाट बघत होते आणि आभाळ रोज दुपारी भरून येत होतं. तो आल्याआल्याच म्हणाला, "मिस्त्री काका, उद्या सकाळी मशीन लावतो म्हून सांगून आलो लोकायले. आवाज करून राह्यला, तेवढा पाहून द्या."

बाबांनी इंजिन सुरू करायला लावलं. ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा त्या ट्रॅक्टरवर कधीचाच मेला होता, म्हणजे सगळी भिस्त आवाजावर. मी पेचकस लावला. चमचा कपाला लागत होता, टिक टिक टिक, अगदी स्पष्ट. त्याखाली आणखी काही आहे का ते ऐकायला मी टोक खाली सरकवलं. काहीतरी होतं. नव्हतंही. मागून रस्त्यावरचा ट्रक गेला, पुढे तो माणूस घड्याळ बघत उभा. मग बाबांनी एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाईप ढिला केला. ज्या सिलिंडरचा पाईप ढिला केल्यावर दबका आवाज कमी होतो, त्याचंच खालचं बेअरिंग गेलेलं, ही त्यांची जुनी युक्ती. पहिला पाईप. हनुवटी वर. मला फरक कळला नाही. दुसरा. नाही. तिसऱ्याला इंजिन थोडं वेगळं वाटलं खरं, पण ते एक सिलिंडर बंद पडल्यामुळे की कशामुळे, कोण जाणे. मी मान हलवली, की काही फरक नाही.

तेव्हा बाबांनी माझ्या हातातून पेचकस घेतला. दांडा दातांत धरला आणि टोक इंजिनच्या बुडाशी लावलं. कान गेल्यापासून त्यांनी हे कधी केलं नव्हतं, निदान माझ्यासमोर. डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. तो माणूस हसून मला म्हणाला, "काका इंजन चावून राह्यले का?" मीही हसले. बाबांनी डोळे उघडले, पेचकस काढला आणि माझ्याकडे बघून हनुवटी वर केली. शेवटचं विचारत होते.

मी पंजा वर केला. वरून.

ते माझ्या हाताकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, मग वरचं झाकण उघडायला पाना मागितला. वाल्व्ह खरंच ढिले होते. ते नीट केल्यावर चमच्याचा आवाज गेला, इंजिन मऊ चाललं. तो माणूस खूष होऊन गेला. जाताना मला "ताई, तुमी तं पक्क्या मिस्त्री झाल्या" म्हणाला आणि मला ते आवडलं. संध्याकाळभर मी स्वतःवर खूष होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन दिवसांनी तो मोटारसायकलवर आला. शाळेला सुट्टी होती, मी दुकानातच होते. त्याचा चेहरा बघूनच मी हातातला पाना खाली ठेवला. मळणीच्या दुसऱ्या दिवशी, अर्धे ढीग झालेले असताना, इंजिनातून मोठा धडाका झाला. खालचं बेअरिंग गेलं होतं, त्यावरचा रॉड तुटून इंजिनचा बाजूचा भाग फोडून बाहेर आला. कोणाला लागलं नाही. ट्रॅक्टर शेतातच उभा. दुसरीकडून ट्रॅक्टर मिळेना, आणि रात्री पाऊस झाला. उरलेले ढीग भिजले होते, आणि ढीग त्याचे एकट्याचे नव्हते.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो बाबांकडे न बघता मला हळूच म्हणाला, "काकांचा हात लागला होता म्हून मी बिनघोर होतो, ताई."

बाबा आमच्या तोंडांकडे बघत होते. ट्रॅक्टर फुटला हे त्यांना त्याच्या हातवाऱ्यांवरून कळलं होतं. हे शेवटचं कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हंते?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने ओरडले, "म्हणते, गाडी जुनीच होती!"

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मान खाली घातली. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्याच्यासमोर हात जोडले. "चूक माही हाये," ते म्हणाले. "इंजन इकडे आन. मी बनवून देतो." माझं नाव त्यांनी काढलं नाही. मी तिथेच उभी होते आणि मीही काढलं नाही. तो "पायतो काका" म्हणून गाडीला किक मारून निघून गेला. इंजिन त्याने आमच्याकडे आणलं नाही, आणि का आणावं त्याने?

तो गेल्यावर बाबा पेचकस पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता, रागावल्यासारखं मुळीच नाही, म्हणाले, "मले दातात खालून आलतं. धप धप. लय बारीक होतं, पन खालून होतं. तू वरून म्हनली."

म्हणजे त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षांचं ज्ञान दातांतून का होईना शाबूत होतं, आणि ते त्यांनी माझ्या उचललेल्या पंजापुढे बाजूला ठेवलं होतं.

"मग माझं कायले ऐकलं, बाबा?" मी म्हणाले.

ते उठून माझ्याकडे पाठ करून पेचकस खिळ्याला अडकवत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. कानाशी जाऊन ओरडून विचारावं असं ते नव्हतं.

वळल्यावर त्यांना माझं तोंड हललेलं दिसलं असावं. त्यांनी नेहमीसारखी हनुवटी वर केली.

मी मूठ दाखवली.