बस्ता, एक नग

आमच्या सेठनी दुकानात कॉम्प्युटर आणला तेव्हा तो बघायला गिऱ्हाइकांपेक्षा आजूबाजूचे दुकानदारच जास्त यायचे. नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. उल्हासनगरच्या कापड बाजारात हिशेब तोंडी चालायचे आणि तिथं साड्यांच्या दुकानात एक टीव्हीसारखी पेटी येऊन बसली होती. सेठनी तिच्यासाठी काचेची खोली बांधून घेतली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीला गंध लावलं, हार घातला आणि तिच्यासमोरच नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर उडालं. मशीन बसवायला आलेला माणूस इतका ओरडला की पुजारीच घाबरून बाहेर पळाला.

त्या खोलीत मी बसायची. मी बदलापूर गावातली, शेतीवाल्याची मुलगी. बारावीनंतर अंबरनाथला एका क्लासला जाऊन टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकले होते. आमच्या आळीत कॉम्प्युटर म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे माझा भाव फार वधारला होता. तरी वडिलांनी एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती. नोकरी आहे तोवर कर, नोकरी सुटली की स्थळं बघायला सुरुवात. एक स्थळ तर तयारच होतं. मुलाची वीटभट्टी होती आणि त्याला सारखं पान खाऊन पिंका टाकायची सवय होती. ती नोकरी टिकावी म्हणून मी किती देव पाण्यात घातले होते हे माझं मलाच माहीत.

आणि सेठनी तर नोकरी देतानाच म्हणून ठेवलं होतं, "देख बेटी, ये पेटी मैंने उधारी पे लाई है. पुढच्या वर्षीच्या लग्नसराईपर्यंत बघणार. कामाची निघाली तर ठीक, नाही तर पेटी विकून टाकणार. मग तू पण घरी." सेठ सिंधी. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचे आणि दोन्ही भाषांना सारखंच रागवायचे. मनाने मात्र लोण्यासारखा माणूस.

माझं काम असं की सेल्समननी लिहिलेली बिलं मशीनमध्ये टाकायची. कोणती साडी, कोणता रंग, किती नग. महिना संपला की प्रिंटर करकर करत लांबलचक कागद ओकायचा आणि मी तो सेठना वाचून दाखवायची. पहिल्याच कागदाने धमाल उडवून दिली. आमच्याकडे बदामी रंगाच्या साड्या ढिगाने होत्या. सेठ सुरतेला गेले की हटकून बदामी घेऊन यायचे. कागद म्हणाला की बदामी साडी कुणी घेतच नाही. सेठ चिडले. "मशीन खराब आहे," म्हणाले. दोन महिने तसंच निघाल्यावर एका दुपारी ते काचेच्या खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि हसत सुटले. "माझ्या बायकोला बदामी रंग शोभतो. बाबा, मैं तो पूरे जिल्हे को बदामी पहनाने निकला था!"

त्यानंतर सेठ त्या कागदाच्या प्रेमातच पडले. अंबरनाथच्या कारखान्यांचे पगार झाले की लगेच काठाच्या वॉयलच्या साड्या उडतात हे कागदाने सांगितलं, तर त्यांनी पगाराच्या आधीच माल भरून ठेवला. नोकरीवाल्या बायका शनिवारी संध्याकाळी ड्रेसचे पीस घेतात हे कळलं, तर शनिवारी ते पीस दारातच लावायला लागले. समोरच्या दुकानवाल्याला काही कळेना. त्याच्याशी सेठचं कुठल्या तरी जुन्या गोष्टीवरून वाकडं होतं, दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण तो रोज आमच्या दाराकडे डोळे लावून बसायचा. सेठना त्यातच निम्मा नफा मिळायचा. मलाही खरं सांगायचं तर फार मजा येत होती. वीटभट्टी लांब लांब जात होती.

मग कागदाने लुगड्यांवर बोट ठेवलं. आतल्या बाजूला नऊवारी लुगड्यांचं मोठं कपाट होतं, भिंतभर. त्यातलं वर्षभरात जवळपास काहीच विकलं गेलं नाही असं कागदावर दिसत होतं. सेठनी मला दोनदा तपासायला लावलं. मी तपासलं. तेच आकडे. सेठ म्हणाले, हटाव. दिवाळीपूर्वीच सगळी लुगडी एका ठोक व्यापाऱ्याला देऊन टाकली आणि त्या कपाटात ड्रेसचे पीस लावले. सगळ्यांत खूश झाले ते त्या कपाटापुढच्या गादीवर बसणारे आमचे सेल्समन काका. जन्मभर नऊ वारांच्या घड्या घालून त्यांचे खांदे गेले होते. त्या दिवशी त्यांनी सगळ्या दुकानाला पेढे वाटले.

तुळशीची लग्नं लागली आणि आमच्याच घरी भावाचं लग्न ठरलं. बस्ता आमच्याच दुकानात बांधायचा असा मी हट्ट धरला. बस्ता म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. नवऱ्याचं, नवरीचं, मानापानाच्या साड्या, टोप्या, उपरणी, सगळं. दोन्हीकडची माणसं टेम्पो करून येतात, गादीवर मांडी घालून बसतात, चहा होतो, भजी होतात, रुसवेफुगवे होतात आणि मग ते सगळं एका मोठ्या गठ्ठ्यात बांधून हळदकुंकू लावून घरी नेतात. मला काचेच्या खोलीत बसलेलं आमच्या सगळ्या आळीने बघावं, ही माझी त्यामागची खरी इच्छा होती.

सगळ्यांनी बघितलं. आत्याने तर काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "हिथं बसून काय करतंस गो? गार वाऱ्यान झोपतंस?" ही माझी विधवा आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली ती कायमचीच. आई भाज्यांची पाटी घेऊन बाजारात जायची तेव्हा आम्हा दोघा भावंडांना तिनेच वाढवलं. आत्या दुकानातली सगळ्यांत मोठी गादी धरून बसली आणि काकांना म्हणाली, "आधी देवीचा लुगडा काढा. हिरवा."

काका माझ्याकडे बघायला लागले. मी सेठकडे. आमच्याकडे बस्त्यात पहिलं कापड देवीचं निघतं आणि ते लुगडंच असतं. त्याच्या मागोमाग घरातल्या म्हाताऱ्यांची लुगडी. ती निघाल्याशिवाय बाकी कशालाही हात लावायचा नाही. नवरीचा शालूसुद्धा तोवर कपाटातच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लहानपणापासून जे बघत आलो त्याचा विचार कोण करतं! काकांनी हळूच सांगितलं, "लुगडी नाहीत."

"नाहीत म्हंजे?" आत्या. "एवडा मोटा दुकान न लुगडा नाय?"

नवरीकडच्या बायका आपापसात बोलायला लागल्या. पहिल्याच कापडाला खोळंबा म्हणजे अपशकुन, असं कुणीतरी पुटपुटलं. वडील उठून उभे राहिले आणि टेम्पोवाल्याला बोलवा म्हणाले. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला कॉम्प्युटरसकट पोटात घ्यावं.

सेठ चप्पल घालून बाहेर पडले. मी काचेतून बघत होते. ते रस्ता ओलांडून थेट समोरच्या दुकानात शिरले. ज्याच्याशी कित्येक वर्षं शब्द बोलले नव्हते त्याच्या गादीवर जाऊन बसले. काय बोलणं झालं देव जाणे. थोड्या वेळाने सेठ खांद्यावर लुगड्यांचा गठ्ठा घेऊन स्वतः परत आले, मागून तो समोरचा दुकानदारही दुसरा गठ्ठा घेऊन आला. दोघांनी गठ्ठे आत्यासमोर ठेवले. सेठ धापा टाकत म्हणाले, "अम्मा, ये आप के घर की शादी है, मेरे घर की भी है. आप बैठो." मला तेव्हा सेठच्या पाया पडावंसं वाटलं. आत्याने हिरवं लुगडं निवडलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि बस्ता सुरू झाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. खरेदी उरकत आली तशी काकांनी नेहमीच्या सवयीने माझ्याकडे बघून हाक दिली, "लिही गं, बस्ता एक!" आणि मी नेहमीच्या सवयीने टाईप करायला लागले. तिथेच माझा हात थांबला. वर्षभर मी हेच करत होते. बस्त्याचं बिल एकाच ओळीचं असायचं, एकच रक्कम. त्या एका ओळीत किती लुगडी गेली, किती शालू गेले, कशाचाच पत्ता मशीनला नसायचा. लुगडी सुटी कुणी घेतच नाही, ती बस्त्यातच जातात. काकांना हे ठाऊक होतं, पण घड्यांतून सुटण्याच्या आनंदात ते बोललेच नव्हते. मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी सेठना बोलावून दाखवलं. सेठनी कपाळावर हात मारला आणि पुढच्याच क्षणी खूश झाले. "तो आज से एक एक लिखो ना! काका, आवाज दो. कौन सी साडी, किस की, कितने की. बेटी, ये कर लिया तो पेटी पक्की. और तू भी पक्की."

मी बोटं कीबोर्डवर ठेवून तयार झाले. काकांनी ढिगातली पहिली साडी उचलली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "वरमायची साडी..."

"थांबा," आई म्हणाली.

आई कधी चारचौघांत मोठ्याने बोलायची नाही. तिने काकांच्या हातातली साडी घेतली आणि घडी मांडीवर दाबून धरली. "मोठ्यानं नका वाचू," एवढंच म्हणाली. वरमाय म्हणजे नवऱ्याची आई. तिची साडी मानाच्या साड्यांत सगळ्यांत भारी असते, असा रिवाज. काकांनी किमतींच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या, बस्त्यात त्या आधीच काढतात. पण मी त्या दुकानात रोज कापड बघत होते. आईच्या मांडीवरची साडी साधी छापील होती. आणि आत्यासाठी बाजूला काढलेल्या साडीचा काठ अस्सल जरीचा होता. आईने आत्याला भारी दिली होती आणि स्वतःला हलकी घेतली होती. रक्कम एकाच ओळीत असल्यामुळे ते कुणालाच कळणार नव्हतं. विधवा नणंदेला वरमायपेक्षा भारी साडी, हे आमच्या आळीत कुणी खपवून घेतलं नसतं. आणि आत्याला उपकार वाटले असते ते वेगळंच.

आईने काचेतून माझ्याकडे बघितलं. सेठ माझ्या खुर्चीमागे उभे होते. पेटी पक्की, तू पक्की, हे शब्द माझ्या कानात होते आणि वीटभट्टीवालाही डोळ्यांसमोर होता. मी टाईप केलं, बस्ता, एक नग. आणि एंटर दाबलं.

 बस्ता बांधून झाला, माणसं टेम्पोत बसायला गेली. मी मशीनवर कव्हर घालत होते. आता हे शेवटचंच असं मी धरून चालले होते. सेठ दारात आले. आत्या बाहेर टेम्पोत चढत होती तिच्याकडे बघत म्हणाले, "मेरी माँ भी ऐसे ही करती थी. फाळणीनंतर आम्ही इथल्या कॅम्पात आलो तेव्हा चाचीला नवीन देऊन स्वतः जुनी नेसायची." मग घसा खाकरून नेहमीच्या चिडक्या आवाजात म्हणाले, "कल से सुबह कपाट गिन, शाम को कपाट गिन. जेवढ्या कमी झाल्या तेवढ्या गेल्या. कोणाच्या घरात गेल्या ते आपल्याला काय करायचंय? और जल्दी आना, लुगडे का माल परत भरना है."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी वाकून मशीनची वायर शोधत राहिले.

टेम्पोत मी आत्याशेजारी बसले. बस्त्याच्या गठ्ठ्यावर पाय ठेवू नका म्हणून ती सगळ्यांना ओरडत होती. आई पुढे ड्रायव्हरजवळ होती. अंबरनाथ मागं पडल्यावर आत्या माझ्या कानाशी आली. "तुजे आयशीला वाटतं मना काय कलत नाय. दर खेपेला मना भारी न सोताला हलकी. कापड हातान घेतलं का कलतंच ना गो."  तिने माझं मनगट दाबलं. "पन तिला बोलू नको. तिला बरा वाटतं."

लग्नात आई ती छापील साडी नेसली आणि आत्या जरीकाठी. मांडवात बायका एकमेकींचे पदर हातात घेऊन बघत होत्या, नेहमीप्रमाणे तुलना चालली होती. आत्या मुद्दाम त्यांच्यात जाऊन बसली आणि मोठ्या आवाजात सांगायला लागली की सगळ्या बस्त्यात वरमायची साडी भारी, दिसायला साधी पण मुंबईच्या नव्या फॅशनची. एकीला ते पटेना. ती माझ्याकडे वळली. "तू त्या दुकानात कॉम्प्युटरवर असतेस ना गं? तूच सांग, कुणाची भारी?"

"आईचीच," मी म्हणाले. "बिल मीच टाकलंय."