गाऱ्हाणं घालणारे कुशाकाका

परळच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉल आला तो निव्वळ जागेच्या अडचणीमुळे. मागच्या अंगणात क्रिकेट खेळलं तर काचा फुटायच्या आणि कबड्डीला प्राचार्यांची ना होती, कारण त्यांच्या मते कबड्डी रस्त्यावर खेळायची असते. म्हणून दोन खांब पुरले, जाळ्या टांगल्या आणि टीम काढली. टीममधली पोरं मात्र लालबाग-परळची, म्हणजे पाळण्यापासूनची कबड्डीवाली. पहिल्याच मोसमात आमच्या चाळीतल्या राजारामने समोरच्या गड्याला हात लावला आणि चेंडू तिथेच टाकून तो मधल्या रेषेकडे धूम पळत सुटला. माटुंग्याच्या कॉलेजची पोरं पोट धरधरून हसली. आम्ही त्यांच्याही आधी हसलो. आपल्या माणसाला आपणच आधी हसून घ्यावं, ही लालबागची जुनी खोड.

आम्ही हरायचो म्हणजे मनापासून हरायचो. माटुंग्याची पोरं उंच, पायात बूट, अंगात एकसारखे शर्ट. आमच्यातला निम्मा संघ अनवाणी. आणि ही हरण्याची वर्षं नेमकी संपाची. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या आणि चाळीतले बाप्ये दिवसाढवळ्या घरात दिसायला लागले. घरात बसून करायचं काय? बायकांच्या नजरेला नजर देववत नव्हती. मग सामना असला की कॉलेजातल्या पोरांपेक्षा पोरांचे बापच जास्त जमायचे. शिवडीच्या कोळीवाड्यातून आमच्या वर्गातला दत्तू ढोलकी घेऊन यायचा. आम्ही गुण झाला की ओरडायचो आणि गुण गेला की त्याहून मोठ्याने ओरडायचो. घरी सगळंच हरत चाललं होतं, इथे निदान हरताना वाजवायला ढोलकी होती.

या बापांमधले पुढारी म्हणजे कुशाकाका. राजारामचे वडील. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मूळ मालवणच्या बाजूचे, बुटके, काटक, आवाज मात्र असा की तळमजल्यावर खाकरले तर तिसऱ्या मजल्यावर पोरं अभ्यासाला बसायची. चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. गणपती बसला, कुणाचं बारसं झालं, कुणी गावी निघालं, की नारळ समोर ठेवून कुशाकाका उभे राहायचे. देवाला हाक मारून चाळीच्या वतीने मागणं मांडायचे आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. त्याचा एक कायदा होता आणि तो त्यांनीच आम्हाला सांगितला होता. जे मागायचं ते मोठ्याने मागायचं, कारण 'व्हय' सगळ्यांचं असतं. त्या 'व्हय'च्या आड गाऱ्हाणं घालणाऱ्याने आपलं स्वतःचं काही घुसवायचं नाही. ती चोरी.

बास्केटबॉलच्या सामन्याआधीही ते गाऱ्हाणं घालायचे. खांबाशी नारळ ठेवून सुरू व्हायचे, "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जो काय खेळ मांडलो हा, तेच्यात तेंका येश दी रे म्हाराजा." आम्ही सगळे व्हय म्हाराजा. माटुंग्याचे पाहुणे आधी गोंधळायचे, मग त्यांनाही मजा वाटायला लागली. एकदा तर त्यांचाच कॅप्टन आमच्याबरोबर व्हय म्हणून गेला. आम्ही अर्थात तरीही हरलो. पण कुशाकाकांची श्रद्धा काही हलली नाही. देव ऐकतो, वेळ घेतो, असं म्हणायचे.

मग त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात चमत्कार झाला. आम्ही उपांत्य सामन्यात पोचलो. कसे ते अजून कुणाला सांगता येत नाही. एका संघाचं नाव बाद झालं, दुसऱ्याचे दोन गडी आजारी पडले आणि तिसऱ्याला आम्ही चक्क हरवलं. त्यातून बातमी आली की एका सरकारी खात्याचे साहेब सामना बघायला येणार आहेत. खेळाडूंच्या जागा भरायच्या आहेत आणि राजारामचं नाव त्यांच्या कानावर गेलंय. संप सुरू होऊन दोन वर्षं व्हायला आली होती. चाळीत एका पोराला पक्की नोकरी म्हणजे काय, हे ज्याने ते दिवस काढले त्यालाच कळेल. त्या दिवशी कॉलेजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुशाकाकांनी गाऱ्हाणं घातलं आणि आमचं 'व्हय' भोईवाड्यापर्यंत गेलं असेल.

सामना शेवटपर्यंत रेंगाळला. एका गुणाने आम्ही मागे होतो आणि चेंडू राजारामच्या हातात आला. समोर कुणी नाही. जाळीखाली तो एकटा. त्याने उडी मारली आणि चेंडू सोडला तो जाळीला सोडा, फळीलाही लागला नाही. सरळ बाहेर, पेरूवाल्या बाईच्या टोपलीत. शिट्टी झाली. साहेब गाडीत बसून निघून गेले.

राजारामला ती नोकरी मिळाली नाही. तो शिवडीच्या एका गोदामात लागला, आधी ओझी वाहिली, मग मुकादम झाला, संसार केला, बहिणीचं, अंबिकाचं लग्न लावून दिलं. कुशाकाकांची गिरणी काही सुरू झाली नाही. ते दादरला एका दुकानात कपड्याचे तागे उचलायला जाऊ लागले. आणि त्या सामन्यानंतर त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. गणपतीत लोक हात जोडायचे, तरी ते कोपऱ्यात मान खाली घालून उभे. चाळीतल्या लोकांनी त्याला गर्व म्हटलं. मीही म्हटलं. तो मान पुढे दुसऱ्याकडे गेला, त्याचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंतही जात नाही.

आम्ही मात्र ती वर्षं विसरलो नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी आम्ही जुने ओरडणारे दत्तूच्या घरी जमतो. दत्तूची बायको गुणवंती मासे असे करते की जिंकणाऱ्यांनाही हरावंसं वाटेल. जेवणं झाली की हरलेले सामने निघतात. शेवटी दत्तू उठून राजारामच्या त्या फेकीची नक्कल करतो. उडी, डोळे मिटलेले, चेंडू पेरूच्या टोपलीत. सगळे हसतात. राजारामही हसतो. दरवर्षी.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी कुशाकाकांनी मला घरी बोलावून घेतलं. ऐंशीच्या पुढे गेले होते, आवाज पार बसला होता. त्यांची बायको, सुभद्राकाकू, जाऊनही बरीच वर्षं झाली होती. म्हणाले, मला या वेळी दत्तूकडे ने. मला वाटलं, म्हाताऱ्याला माशांची आठवण झाली असेल. मग त्यांनी सांगितलं. त्या उपांत्य सामन्याच्या दिवशी सगळ्यांचं 'व्हय' चालू असताना त्यांनी ओठांतल्या ओठांत देवाला वेगळंच सांगितलं होतं. पोरांचं यश घे, पण गिरणी सुरू कर. पोराच्या हातून चेंडू गेला तेव्हा त्यांना कळलं की देवाने सौद्याची अर्धी बाजू उचलली. उरलेली अर्धी यायची वाट बघत ते गिरणीच्या गेटवर जात राहिले. गावी जाऊन देवापुढे नारळ ठेवला, पण कौल लावायचा धीर झाला नाही. काय उत्तर येईल ते त्यांना ठाऊक होतं.

"झिलाची नोकरी मियां खाल्लंय," ते म्हणाले. "मराच्या आधी माका तेची माफी होयी. चारचौघांत. चोरी चारचौघांत केलंय मां."

मी समजूत काढायला गेलो तर माझ्यावरच डाफरले. राजाराम काय म्हणेल याची मला भीती होती. नोकरी हुकल्याचं त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि जो बोलत नाही त्याच्या मनात किती साठलेलं असतं कुणास ठाऊक. तरी मी त्यांना नेलं.

जेवणं झाली. कुशाकाका समोर बसलेले, म्हणून दत्तू यंदा नक्कल टाळत होता, पण कुणीतरी आग्रह केला आणि तो उठला. उडी, मिटलेले डोळे, टोपली. हसू ओसरल्यावर कुशाकाका भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, काही न लपवता. शेवटी राजारामकडे वळून त्यांनी हात जोडले. बापाने पोरापुढे जोडलेले हात बघवत नाहीत. गुणवंतीवहिनी आत निघून गेल्या.

राजाराम उठला. त्याने ते हात धरून खाली घेतले आणि चक्क हसला. बापाला इतकी वर्षं हे खात होतं, ते एका वाक्यात काढून टाकता येईल याचाच त्याला आनंद झाला असावा.

"बाबा, देवाचा काय संबंध त्यात?" तो म्हणाला. "उडी मारली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जाळी दिसलीच नाही मला. सकाळपासून बिनदुधाच्या चहावर होतो. तुमचं गाऱ्हाणं राहिलं बाजूला."

मलाही हायसं वाटलं. पण कुशाकाका त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी विचारलं, खेळाडूंना कॉलेजातून खायला मिळत होतं ना? अंडी, केळी? सगळ्या पोरांना मिळत होतं, त्यांनी स्वतः वाटताना पाहिलं होतं. त्याच भरवशावर सकाळी घरी काही नसलं तरी ते गप्प बसायचे.

राजारामचं हसू गेलं. आपण काय बोलून बसलो ते त्याला आत्ता कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काय मदत करणार? विषय बदलायला तो म्हणाला, चला बाबा, औषधाची वेळ झाली. म्हाताऱ्याने त्याचं मनगट सोडलं नाही. तेव्हा त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. मिळालेलं सगळं तो पिशवीत घालून घरी न्यायचा. अंडी सुभद्राकाकू लहानग्या अंबिकाला आत बसवून भरवायच्या. केळी कुशाकाकांसाठी. पोराच्या तोंडचं आहे कळलं असतं तर त्यांनी हात लावला नसता, म्हणून काकू त्यांना सांगायच्या की भोईवाड्याच्या देवळातून प्रसाद आलाय. बाबांना सांगायचं नाही, अशी त्यांनी पोरांना शपथ घातली होती.

कुशाकाका सावकाश खाली बसले.

"मियां ती कपाळाक लावन खाल्लंय रे," ते म्हणाले.

राजाराम त्यांच्याजवळ बसून काहीबाही बोलत राहिला. एका केळ्याने काय होतं, खाल्लं असतं तरी नेम चुकलाच असता, मी खेळाडू बेताचाच होतो. आम्हीही माना डोलावल्या. दत्तू त्याच्याच घरात चोरासारखा दाराशी उभा होता. दरवर्षी ज्यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसत होतो ती एका उपाशी पोराला आलेली भोवळ होती, आणि हसणाऱ्यांत राजाराम स्वतःही होता, कारण तो हसला नसता तर कुणी कारण विचारलं असतं.

म्हाताऱ्याने माफीचं नाव पुन्हा काढलं नाही. देवाशी केलेला सौदा त्यांनी इतकी वर्षं पेलला होता, आता राजारामने तो काढून घेऊन त्यांच्या हातात उपाशी पोराच्या तोंडची ती केळी ठेवली होती. परत येताना टॅक्सीत मी पुढे बसलो आणि ते दोघे मागे. राजारामने त्यांचा हात हातात घेतला होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण लालबाग येईपर्यंत पोराच्या तोंडाकडे त्यांना बघवलं नाही.