ओवाळणीत दिलेली भुकटी

लाकडी मुठीच्या भोकात वितळलेली लाख ओतायची आणि कोयत्याचं तापवलेलं शेपूट त्यात दाबून धरायचं, एवढंच माझं काम. सुप्याच्या रानात कोयत्यावाचून कुणाचं पान हलत नाही, त्यामुळे हात कधी रिकामा नसे. दुखणं एकच. चैत्राच्या उन्हात लाख मऊ पडायची, पातं मुठीत डुलायला लागायचं आणि लाकूडतोडे माझ्या नावानं बोटं मोडायचे.

त्यावर तोड मला मँगनीजच्या खाणीवर सापडली. खनिज फोडून चाळून झालं की उरलेली काळी भुकटी ओढ्याकाठी फेकून देत. ती लाखेत कच्चीच घातली तर फेस आला आणि मूठ तडकली. मग आधी तव्यावर खरपूस भाजली, जुन्या लुगड्यातून चाळली आणि लाखेत ढवळली, तेव्हा मूठ अशी बसली की भर उन्हातही हलेना. मी हुरळून गेलो होतो, सांगायला लाज कसली.

हे भाजणं-चाळणं मी कुणाला दाखवत नसे. त्या वर्षी भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे गेलो. तिच्या नवऱ्याचं उळवीच्या जत्रेत कोयत्या-विळ्यांचं दुकान लागायचं. ओवाळून झाल्यावर ताटात लुगडं ठेवायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"अण्णा, लुगडं नको. तुझ्या मुठीत काय घालतोस ते सांग."

ओवाळणीत बहिणीनं मागितलेलं नाकारायचं नसतं, आमच्यात तरी नाही. मी सगळं सांगून टाकलं. दाजी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.

जत्रेत दाजींच्या दुकानात काळ्या मुठीचे कोयते दिसले, तेव्हाही मला वाईट वाटलं नाही. बहिणीचं घर चालतंय, म्हटलं. पण जत्रेनंतर टोपली घेऊन ओढ्याकाठी गेलो, तर ढिगाला काटेरी कुंपण. राखणदार म्हणाला, ढीग दाजींनी खाणीकडून घेतलाय, बाहेरच्यानं मूठभरही न्यायची नाही. बाहेरचा म्हणजे मी! दाजींना गाठलं, तर ते हसून म्हणाले, "रान सरकारचं, खाण सायबाची, माती माझी. तुमचं काय हाय त्यात?"

विटेची पूड घालून पाहिली. ती मूठ उन्हात टिकली तर पावसात सुटली. बापाच्या वेळेपासून आमच्याकडे येणारी घरं एकेक करून दाजींकडे वळली. रागानं मला जेवण जाईना.

पुढच्या भाऊबीजेला जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी काखेत लुगडं मारून गेलोच. दाजी बाजाराला गेले होते. बहिणीनं खाली मान घालून ओवाळलं, मग परसातून एक जड गाठोडं आणून माझ्यापुढं ठेवलं.

"तुझ्यापुरती हाय, अण्णा. भाजून चाळलेली. ह्यांना कळू देऊ नको."

गेल्या वर्षीचं मागणं तुझं होतं की त्यांचं, असं मी विचारलं.

"त्यांचं," ती म्हणाली. "ढीग घ्यायचं ठरलं, तेबी मला ठाव व्हतं."

माझीच भुकटी मला चोरून, भीक घातल्यासारखी. गाठोडं तिच्या उंबऱ्यावर आपटावं असं फार वाटलं. पण घरी सुटलेल्या मुठी पडून होत्या. मी ते डोक्यावर घेतलं आणि लुगडं काखेत तसंच ठेवून निघालो.