उजवा कौल

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्ही माझे कोण? तरी तुम्हाला सांगतोय — कदाचित म्हणूनच.

डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर राखणदाराच्या पाषाणापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. काही विचारायचं असलं की पिटकोळीच्या ओल्या कळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि मी विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं, वाटण्या, बांधांची भांडणं — सगळं त्यावर मिटलेलं.

पामतेलाची कंपनी आली. तिला डोंगरावरचा माळ हवा होता, आणि माळाला लागून असलेली राई. सरकारदरबारी त्या राईची जंगल म्हणून नोंद नव्हती. कंपनीनं मात्र फलक लावला होता — जंगल तोडणार नाही, पाणी जपू, गावाच्या संमतीशिवाय पुढे जाणार नाही. तुम्ही म्हणाल, असले फलक दिखाव्याचेच. पण आलेली अधिकारी मुलगी मनापासून बोलत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, लोक नको म्हणाले तर राई सोडून पाम लावू. मला खरं उत्तर हवंय."

खरं उत्तर.

अडला तो एकटा भिकाजी. राईच्या पायथ्याला त्याचं कुळागर. माडी म्हणजे पोफळी, केळी, मिरवेली, सगळं राईतल्या झरीवर. राई गेली तर झर जाईल, एवढंच तो म्हणत राहिला. कुणीतरी टोमणा मारला, कंपनी तुझ्या माडींना बाटलीतलं पाणी देईल. लोक हसले. मीही हसलो. शेवटी ठरलं, देवाला विचारू.

त्या सकाळी सगळे माझ्या पाठीमागे हात जोडून उभे. पाषाणासमोर वाकलेला मी एकटा. कळी पडली.

डावी पडली.

नमस्काराच्या निमित्तानं मी तिच्यावर तळवा ठेवला, ती ओलीच उचलून जागेवर परत चिकटवली. अंगठ्यानं उजवी ओढून खाली पाडली. मग वळून म्हटलं, "उजवो दिलो."

माझ्या मुलाला तिथं सुपरवायझर घेणार होते, लागवड राईपर्यंत गेली तर. घेतलं.

भिकाजी पाषाणाच्या पाया पडला. "देवान दिलो, मगीर म्हाका तोंड ना," म्हणाला; आता आपल्याला बोलायला जागा नाही, असं. राईत करवत चालू झाली तेव्हा कामगारांना प्यायला त्याच झरीचं पाणी तोच घेऊन गेला.

आता तिथं पाम उभे आहेत. तांबडे घड ट्रकांत भरून जातात. कंपनीचे पाहुणे आले की मला पाषाणापाशी नेतात. गावानं संमती कशी दिली ते मी सांगतो, ते माना डोलावतात, माझे फोटो काढतात. नाही कसं म्हणू? एक कौल खोटा म्हटला, तर बाकीचे खरे कोण मानील? कुणाचं लग्न, कुणाची वाटणी — लोक सगळंच उकरतील. म्हणून पुन्हा सांगतो. आता तर न अडखळता सांगतो.

पण याहून वाईट पुढे आहे.

झर शिमगा उलटताच आटू लागली. माडींचे शेंडे वाळले. भिकाजी माझ्याकडे आला, घरापुढच्या खळ्यातच उभा राहिला. म्हणाला, "म्हजीच खंय तरी चूक जाली आसतली, दादा. म्हज्या नांवान गाऱ्हाणें घाल."

तेव्हा बोलता आलं असतं. आम्ही दोघेच होतो.

मी गाऱ्हाणं घातलं. मोठ्या आवाजात, त्याचं नाव घेऊन, त्याच्या चुकीची क्षमा मागितली. तो मागे डोळे मिटून उभा होता.

तेव्हापासून दर सोमवारी तो नारळ आणतो. मी फोडतो. रिवाजाप्रमाणे एक कवड त्याच्या हातात देतो, दुसरी माझ्या घरी येते. खोबरं किसलं जातं, आमटीत पडतं.

मी ते खातो.