साडभाऊंचं इंजेक्शन

धर्माचा भार स्वतःच्या अंगावर वाहणारी माणसं आता विरळा झाली आहेत. आमचे साडभाऊ अशांपैकी एक. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. गेली चाळीसेक वर्षं अकोल्याच्या यजमानांनी त्यांना जे जे वाढलं, ते ते त्यांनी धर्म म्हणून खाल्लं आणि देहावर जपून ठेवलं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. व्यवसाय पौरोहित्य, मुक्काम अकोला, मंत्र देवभाषेत आणि बाकी सगळं वऱ्हाडीत. आपल्या देहाकडे ते एखाद्या वंशावळीसारखं पाहतात. हनुवटीला हात लावून म्हणतील, "हे अचलपूरच्या वास्तुशांतींचं." पोटाचा वरचा मजला पितृपक्षाचा, खालचा अधिक महिन्यातल्या अनारशांचा. स्वतःच्या हौसेनं कमावलेलं असं त्यांच्या अंगावर काहीच नाही. घरी ते रात्री दूधपोहे खातात आणि माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शपथेवर सांगतात की पुन्हा मागत नाहीत.

अशा माणसाला "कमी खा" असं सांगणं सोपं आहे आणि ते सगळ्यांनी सांगून झालं आहे. पण पुरोहितानं पानावरून अर्धपोटी उठणं म्हणजे घर बांधून दार न लावण्यासारखं. यजमानाला चैन पडत नाही. यजमानीण ओट्यावरूनच विचारते, "गुरुजी, बिघडलं का काही?" मग तिचं मन राखायला एक पोळी, सासूचं राखायला दुसरी, आणि दोघींमध्ये भांडण नको म्हणून तिसरी. एकदा मीच म्हणालो, "साडभाऊ, स्पष्ट नाही म्हणायला शिका." ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी कॉलेजात शिकवत होते. पोरगं नाही म्हने तरी तुमी शिकवतच होते ना? तसं हे. मी नाही म्हनलं तरी ते वाढतेच."

वजन उतरवण्याचे प्रयत्न त्यांनी केले नाहीत असं नाही. कुणीतरी सांगितलं की चिखलदऱ्याची हवा पातळ आहे. माणूसही पातळ होत असेल, असा तर्क करून ते तिथे जाऊन राहिले. रोज पहाटे दरीच्या कडेनं चालायचा बेत होता. दुसऱ्याच दिवशी लॉजच्या मालकाला कळलं की पाहुणे गुरुजी आहेत. त्यानं लॉजला नव्या खोल्या बांधल्या होत्या आणि वास्तुशांत करायची राहिली होती. एक शांत झाली म्हणून शेजारच्यानं दुसरी केली. साडभाऊ परतले ते रबडीचा एक नवा थर घेऊन. "हवा चांगली आहे," एवढंच म्हणाले, "पन लोक फार श्रद्धाळू आहेत."

इथवर सगळं गमतीचं होतं. मग गुडघे गेले. अकोल्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदला. आणि बदलल्यावर पुन्हा मांडी घालायची नाही. साडभाऊंनी हे ऐकलं तेव्हा मी शेजारी होतो. सुताराला हात कापायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. पाटावर मांडी घालून बसणं हा त्यांच्या धंद्याचा पाया. कोणी म्हणेल, खुर्चीवर बसावं. बसून पाहिलं. पण गुरुजी खुर्चीवर आणि देव जमिनीवर, हे कोणालाच पटेना. तेव्हा एका सत्यनारायणाला त्यांनी देवच डायनिंग टेबलावर मांडला. घरातली म्हातारी आली, टेबल पाहिलं, केळीचे खांब पाहिले आणि म्हणाली, "पूजा आहे का कोनाचा बड्डे आहे?" त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. इतर घरांतूनही हळूहळू कमी येऊ लागलं. लोक सरळ सांगत नाहीत, म्हणतात, "गुरुजी, तुम्हाला उगाच त्रास."

अशात त्यांना त्या इंजेक्शनची बातमी लागली. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं, भूकच मंदावते, वजन उतरतं. साडभाऊंना ते शास्त्रापेक्षा वरदानासारखं वाटलं. "नाही म्हनायचं काम सुईच करते," ते मला फोनवर म्हणाले, "आपल्याले तोंड उघडायचंच नाही." आणि ते अमरावतीला माझ्याकडे आले, कारण अमरावतीत त्यांच्या भरवशाचा डॉक्टर होता. हा डॉक्टर मूळ अकोल्याचा. त्याची मुंज साडभाऊंनीच लावलेली, आणि पुढे कॉलेजात तो दोन वर्षं माझ्या वर्गात होता. म्हणजे त्याला घडवण्यात आम्हा दोघांचाही हात आहे. मी त्याचा फारसा उल्लेख करत नाही.

डॉक्टर हुशार आहे, प्रामाणिक आहे आणि त्याच्या दवाखान्यात सोनेरी चौकटीत 'निर्धार हेच औषध' असं लिहिलेलं आहे. त्या चौकटीखाली बसून तो रक्तदाबाच्या गोळ्या लिहितो, थायरॉइडच्या लिहितो, झोपेच्या लिहितो. रक्तदाबाच्या रोग्याला मी त्याला कधी असं म्हणताना ऐकलं नाही की आधी मनानं दाब उतरवून दाखवा, मग पाहू. वजनाचं मात्र वेगळं. तिथे तो डॉक्टर राहत नाही, कीर्तनकार होतो.

"गुरुजी, हे इंजेक्शन म्हणजे आडवाट आहे. रोज चाला," तो म्हणाला.

"चालायले गुडघे नाहीत."

"गुडघे वजनामुळे गेले. वजन उतरवा."

"तेच म्हनून राहिलो ना बापा. कसं उतरवू?"

"चाला."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. न्यायशास्त्रात याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं, पण घरचाच पोरगा म्हणून बोलले नाहीत. मग डॉक्टरनं रक्त तपासलं आणि साखर अगदी व्यवस्थित निघाली. "शुगर असती तर विचार केला असता," तो म्हणाला. साडभाऊ खरोखर खचले. "जन्मभर शिरा खाल्ला," ते म्हणाले, "अन् साखर नाही? किती पाहिजे ते सांग, पंधरा दिवसात आनतो." डॉक्टर हसला आणि त्यानं आहार सांगितला: जेवणात एक तळलेला पदार्थ, तोही एकच नग, गोड बंद, आणि पानावरून थोडं भुकेलं उठायचं. "मनावर घेतलं की जमतं, गुरुजी."

पुढच्याच महिन्यात पितृपक्ष आला आणि डॉक्टरच्या वडिलांचं श्राद्ध. ते दरवर्षी साडभाऊच चालवतात. पण श्राद्धाला जेवायला आणखी एक ब्राह्मण लागतो आणि त्या पंधरवड्यात ब्राह्मणांची इतकी टंचाई असते की माझ्यासारख्या नास्तिकालाही सोवळं नेसवून देवांच्या जागी बसवतात. साडभाऊ पितरांच्या जागी, म्हणजे डॉक्टरच्या वडिलांच्या जागी, खुर्चीवर. वाढायला खुद्द डॉक्टर. दारात त्याची आई, ऐंशीच्या घरातली, काही राहून तर जात नाही ना हे पाहत उभी.

खीर, कढी, उडदाचे वडे. साडभाऊंनी खीर बाजूला सारली. एक वडा खाल्ला, थोडा भात, कढी. आणि पानावर हात आडवा धरला.

"घ्या ना, गुरुजी," डॉक्टर वड्यांचं ताट घेऊन वाकला.

"नको."

"अहो, निदान दोन."

"नको म्हनलं ना."

"गुरुजी, आजच्या दिवस!"

साडभाऊंनी मान वर केली. "तुमच्याकडे आजच्या दिवस. उद्या दुसऱ्याकडे आजच्या दिवस. पितृपक्ष संपते, मंग नवरात्राचा आजच्या दिवस. मी चाळीस वर्षं आजच्या दिवसच खाऊन राहिलो, डॉक्टर."

डॉक्टर गडबडला. विधी पुढे न्यायचा म्हणून त्यानं हात जोडले आणि ठरलेला प्रश्न विचारला, "तृप्ताः स्थ?" म्हणजे, आपण तृप्त झालात ना? यावर ब्राह्मणांनी "तृप्ताः स्मः", तृप्त झालो, असं म्हणायचं असतं. मग श्राद्ध पुढे सरकतं. मी देव असल्यामुळे लगेच म्हणून मोकळा झालो. साडभाऊ गप्प. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. साडभाऊ शांतपणे म्हणाले, "नाही."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. मी आयुष्यात पुष्कळ संप पाहिले, पण पितरांच्या जागेवरून पुकारलेला हा पहिलाच.

"मंत्रात मी खोटं बोलत नाही," साडभाऊ म्हणाले. "बाकीच्या वेळेचं सांगत नाही. पोट भरलं नाही हे खरं आहे. अन् तू वाढशील ते खाल्लं, तर तुह्या दवाखान्यात मी मन मोकाट सोडलेला मानूस. नाही खाल्लं, तर तुह्या घरी तुहे बाबा उपाशी. आता तूच सांग, कोनाचं मन राखू?"

डॉक्टर ताट धरून तसाच उभा. कढईतून ताजे काढलेले वडे, आणि ते उचलून देणारा हात निर्धाराचा. बोलली ती आई. आवाज न चढवता म्हणाली, "काहून रे? शेवटच्या वर्षी तुह्या बाबाले तू लाडवाला हात लावू दिला नाहीस. ते म्हनत, पोराला नाराज काहून करू. अन् ज्याले खाऊ नको म्हनतो त्याच्याच मांगं ताट घेऊन लागला. काहीतरी एक ठरव."

डॉक्टरनं ताट खाली ठेवलं. आणि त्या खुर्चीसमोर, स्वतः मांडी घालून, जमिनीवर बसला. मग त्यानं विचारलं, "गुरुजी, गुडघा बसताना जास्त दुखतो की उठताना?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी साडभाऊंना प्रश्न विचारला होता. ते सांगत गेले: घरचे देव भिंतीला टेकून उभ्यानं पुजतात, माई पाहत नसताना पाटावर बसून पाहतात आणि जमत नाही. डॉक्टर ऐकत होता. शेवटी म्हणाला, "उद्या दवाखान्यात या. बाकीच्या तपासण्या करू आणि सुरू करू. मळमळेल. कदाचित कायम घ्यावं लागेल, हे आधीच सांगतो."

"संध्या कायम करून राहिलो," साडभाऊ म्हणाले, "हे काय जड आहे?" मग खणखणीत आवाजात "तृप्ताः स्मः" म्हणाले, आणि तृप्ती जाहीर केल्यावर आणखी तीन वडे खाल्ले. पुढे मिळणार नाहीत म्हणून, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं.

इंजेक्शन लागू पडलं. हनुवटीचं अचलपूर आधी गेलं, मग अधिक महिना ओसरला. पण एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. परवा अकोल्याला त्यांच्या ओट्यावर बसलो असताना ते म्हणाले, "भाऊसाहेब, बुंदीचा लाडू समोर येते अन् मले काही होतच नाही. जुना ओळखीचा मानूस रस्त्यात भेटावा अन् त्याचं नावच आठवू नये, तसं." माई आत गेल्या. त्यांनी इतकी वर्षं साडभाऊंच्या जेवणावरून कटकट केली होती, आणि आता अर्धी पोळी पानात राहिली की त्याच गप्प होतात.

त्याच दिवशी एका नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. यजमानांनी न विचारता खुर्ची आणून ठेवली. साडभाऊंनी ती पायानं सरकवली, भिंतीचा आधार घेतला, आणि सावकाश, एकेक गुडघा समजावत, पाटावर बसले. मांडी घातली. माई पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. मग अग्नी पेटला आणि साडभाऊंचा आवाज निघाला, खालून, जमिनीतून आल्यासारखा. खुर्चीवर तो असा कधीच लागला नव्हता. मला मंत्रांत काही अर्थ वाटत नाही, तरी मी घड्याळ पाहिलं नाही. पूर्णाहुती झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. साडभाऊ डोळे मिटून बसूनच होते; समाधी लागली असावी असं वाटून यजमानीण त्यांच्या पाया पडली.

त्यांना उठवायला यजमान, मी आणि इमारतीचा वॉचमन असे तिघं लागलो.